बुंदीला गोंजारायचं नाही

काका,

शोकसभेत सगळे तुमच्याबद्दल फार चांगलं बोलले. तुमचं हॉस्पिटल, मंडळाचा पहिला गणपती, नव्याने आलेल्या मुलांना तुम्ही बेसमेंटमध्ये महिना महिना राहू दिलंत ते. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होते. ते सगळं खरंच असणार. पण बुंदीचं नाव कोणी घेतलं नाही, आणि मला माहीत असलेले तुम्ही तर तिच्याशिवाय कधी दिसलाच नाहीत. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, गळ्यात शिट्टी, आणि पुष्कळदा हातात एक मेलेलं कबूतर.

म्हणून मी तिच्याबद्दल लिहिते आहे. तुम्ही आजारी असताना तिचं पुढे काय, हा विषय कोणी काढला नाही. तुम्हीही काढला नाहीत. आता काकू महिनाअखेरीला लेकीकडे, केतकीकडे, अटलांटाजवळ अल्फारेटाला राहायला जाताहेत. केतकीच्या धाकट्याला कुत्र्याच्या केसांनी धाप लागते. आमच्या अपार्टमेंटच्या लीजमध्ये मांजरसुद्धा बसत नाही. तुमचं घर विक्रीला लागलं आहे, आणि बुंदी अजून रोज दुपारी गराजच्या दाराशी जाऊन उभी राहते. शिकारीला लागणारं सगळं तिथेच असायचं ना.

तिला ठेवून घेऊ शकेल असा एकच माणूस उरला होता, तुमचा शिकारीतला सोबती वॉल्टर. त्याने एक अट घातली. त्या अटीपर्यंत मला सावकाश यायचं आहे. घाईने लिहिलं तर तुम्ही नुसते तिचे मालक वाटाल.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात मला अमेरिकेतल्या या डब्लिनमध्ये येऊन वर्ष झालं होतं. अभय सकाळी ऑफिसला गेला की घरात मी आणि डिशवॉशर. साताऱ्याला मी कॉलेजात इतिहास शिकवत होते. इथे डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, म्हणून मी लायब्ररीतली कपाटं एका टोकापासून वाचायला घेतली होती. मंडळाच्या पॉटलकमध्ये, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, कोणीतरी हे तुम्हाला गमतीने सांगितलं. तुम्ही ताट घेऊन सरळ माझ्याशेजारी येऊन बसलात.

“तू वाचतेस म्हणे. मग एक काम कर. शिकारी कुत्र्यांवरची नवी पुस्तकं काय म्हणतात ते मला सांग. माझी माहिती सत्तर सालची आहे.”

मला वाटलं तुम्ही चेष्टा करताय. अमरावतीकडचे रिटायर्ड भूलतज्ज्ञ, आणि शिकारी कुत्रा? मग कळलं की तुम्ही या देशात आलात तेव्हा हॉस्पिटलच्या फार्मसीतल्या वॉल्टरने तुम्हाला पहिल्याच थंडीत शेतात नेलं होतं, आणि तेव्हापासून दर नोव्हेंबरला तुम्ही दोघं कापलेल्या मक्यातून फेझंटच्या मागे हिंडत होतात. फेझंट म्हणजे काय हेही तुम्हीच सांगितलंत: आपल्या तित्तिराचा लांब शेपटीचा, भपकेबाज भाऊ. तुमचा जुना कुत्रा वारला होता. “आता हा शेवटचा,” तुम्ही म्हणालात. “म्हणून नीट निवडायचा.”

पिल्लू बघायला गेलो तेव्हा काकू थर्मास घेऊन मागे बसल्या होत्या.

“काय म्हणतंय तुझं पुस्तक?” तुम्ही गाडी चालवता चालवता विचारलंत.

“सगळ्यात धीट पिल्लू घेऊ नये, सगळ्यात भित्रं घेऊ नये. मधलं घ्यावं.”

“हे तर स्थळ बघण्यासारखं झालं.”

“माझ्या वेळी मधलं शिल्लक नव्हतं,” मागून काकू म्हणाल्या. तुम्ही इतके हसलात की एक्झिट चुकली.

त्या शेतावर कुत्री पाळून पिल्लं विकणाऱ्या माणसाने मासे पकडायच्या काठीला पक्ष्याचा पंख बांधून पिल्लांपुढे नाचवला. धटिंगण नर होते ते तुटून पडले. एक मादी मात्र थांबली. तपकिरी डोकं, पांढुरक्या अंगावर ठिपकेच ठिपके. पुढचा एक पाय उचललेला, नाक पंखाकडे, शेपटी ताठ. याला पॉइंट म्हणतात हे मी वाचलं होतं. पक्ष्याचा सुगावा लागला की पॉइंटर जातीचं कुत्रं त्याच्यावर झेपावत नाही. मागून येणाऱ्या माणसासाठी तसंच उभं राहतं. वाचणं निराळं आणि आठ आठवड्यांचं पिल्लू असं थरथरत उभं राहिलेलं बघणं निराळं. मग तुम्ही मुद्दाम मागच्या मागे खाण्याचं पातेलं फरशीवर पाडलंत. सगळी पिल्लं उधळली. तीही पळाली. पण परत आली ती सगळ्यात आधी, आणि पातेल्याचा वास घेऊ लागली.

“ही,” तुम्ही म्हणालात.

“पण घाबरली ती.”

“घाबरणारच. कान आहेत तिला.”

नाव काकूंनी ठेवलं. अंगावर कोणी बुंदी पाडल्यासारखी दिसते, म्हणाल्या.

तो उन्हाळा माझ्या इथल्या दिवसांतला सगळ्यात चांगला होता. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुमचं घर गावाबाहेर, तीन बाजूंनी मका. मी लांब दोरीचं एक टोक धरायचे, तुम्ही पिंजऱ्यातलं कबूतर गवतात लपवायचात. बुंदी पॉइंट धरून उभी राहिली की तिने हलायचं नाही. कबूतर उडालं तरी हलायचं नाही. ती हलली की तुम्ही तिला उचलून पुन्हा त्याच जागी, त्याच पवित्र्यात ठेवायचात. ओरडणं नाही, मारणं नाही. पुन्हा, पुन्हा. “बंदुकीला मात्र तू हात लावू नकोस,” मला सांगायचात. “तुझं व्हिसाचं स्टेटस जाईल, अभय माझ्या नावाने खडे फोडेल.” आणि शिकून दमलेल्या बुंदीला काकू मागच्या दारातून तूप लावलेली पोळी द्यायच्या.

“शिकारी कुत्री आहे ती! तूप कसलं लावतेस?”

“मग काय तुमच्यासारखी कोरडी खाऊ दे?”

पक्षी मारून आणला तर तो घरात येणार नाही, गराजमधल्या फ्रिजमध्ये राहील, हा काकूंचा लग्नापासूनचा कायदा होता. तो तुम्ही पाळलात. काकूंनी तुमचा एकही कायदा पाळला नाही.

मग ती दिवाळी आली.

इथे शरद ऋतूत फटाके मिळत नाहीत. म्हणून चार जुलैच्या आधी रस्त्याकडेच्या तंबूंतून घेऊन ठेवायचे आणि गराजमध्ये कोरड्या जागी दिवाळीपर्यंत जपायचे, हा इथल्या आपल्या लोकांचा रिवाज. तुमच्या घराला शेजार नाही, त्यामुळे सगळ्यांचे फटाके तुमच्याकडे वाजायचे. बुंदीला गोळीच्या आवाजाची ओळख करून द्यायला आपण नुकती सुरुवात केली होती: ती पक्ष्यामागे गुंग असताना दूरवरून टिकल्यांचं पिस्तूल, एकच बार. मी तुम्हाला म्हटलं होतं, पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, लहान कुत्र्याला फटाक्यांजवळ न्यायचं नाही.

“तुझ्या पुस्तकवाल्याने दिवाळी पाहिली आहे का?” तुम्ही म्हणालात. “त्यांच्याकडे नुसता धूर आणि आवाज. आपल्यात पोरं असतात, फराळ असतो, सगळे हसत असतात. आनंदाचा आवाज आहे हे कुत्र्याला कळतं. उलट फायदाच होईल बघ.”

तुमचा इतका विश्वास होता, की मीही मान डोलावली. किती आपल्यासारखं होतं ते! आपल्याला ज्यात आनंद, त्यात सगळ्यांनाच असणार.

पहिली लड लागली आणि बुंदीने गळपट्ट्यातून मान सोडवून घेतली. ती अंगणातून उभ्या मक्यात शिरली ते आपण पाहिलं, पुढचं पाहिलं नाही. सगळे हाका मारत होते. केतकीचा थोरला पायरीवर उभा राहून काकूंना विचारत होता, “इज शी गॉन बी ओके, आजी?” दुसऱ्या दिवशी सकाळी ती रस्त्याखालच्या पाण्याच्या नळीत सापडली. नखं रक्ताळलेली. तुम्ही दिवाळीच्या रेशमी झब्ब्यातच चिखलात पालथे झालात आणि तिला ओढून काढलंत. मी “सांगितलं होतं” म्हटलं नाही. तुम्हाला ते तरीही ऐकू आलं असणार.

त्यानंतर तिला दार आपटलेलं चालेना. कुकरची शिट्टी झाली की ती पलंगाखाली जायची आणि संध्याकाळपर्यंत तिथेच. काकूंनी कुकर उचलून माळ्यावर ठेवला. तो सगळा हिवाळा त्यांनी वरण उघड्या पातेल्यात शिजवलं. पाळणाऱ्या माणसाचा फोन आला, परत आणा, दुसरं पिल्लू देतो. तुम्ही फोन ठेवलात आणि माझ्याकडे बघून म्हणालात, “परत करायला काय मिक्सर आहे का?”

मग आपलं ते लांबलचक काम सुरू झालं. तुम्ही अंगणात तिच्यापुढे जेवण ठेवायचात. मी कुंपणाच्या पार टोकाला, रस्त्यापाशी, हातात लाकडाचे दोन ठोकळे घेऊन उभी. तुम्ही हात वर केलात की मी ठोकळे एकदा आपटायचे. तिने मान वर करून पुन्हा खायला सुरुवात केली, तर दुसऱ्या दिवशी मी कुंपणाच्या एका खांबाने जवळ यायचं. ती पळाली, तर मागे जायचं. अभयचे जाड हातमोजे घालून मी उभी राहायचे आणि आवाजच यायचा नाही.

“काऊन वं, लाडू वळतेस का?” तुम्ही तिकडून ओरडायचात.

आपलं खरं भांडण याच दिवसांतलं. बुंदी घाबरली की जमिनीला चिकटायची, तिचं सगळं अंग कापायचं. मला ते बघवत नसे. मी ठोकळे टाकून तिच्याकडे धावायचे आणि तुम्ही मधेच अडवायचात.

“नको. गोंजारायचं नाही. तू जवळ घेतलंस की तिला वाटतं, घाबरण्यासारखं खरंच काही आहे. आपण आपलं चालत राहायचं. तिचं तिला उठू दे.”

“काका, आता असं मानत नाहीत. भीती काही तिने लावून घेतलेली सवय नाही. गोंजारल्याने ती वाढत नाही.”

“कोण म्हणतं?”

“पुस्तक.”

“पुस्तक तिच्या शेजारी उभं नसतं.”

हे आपण थंडीत बोललो, चिखलात बोललो, मका पुन्हा डोक्याएवढा झाला तेव्हाही बोललो. तुम्ही कधी चिडला नाहीत आणि कधी मागेही हटला नाहीत. ती कापत पडलेली असली की तुम्ही तिच्याकडे पाठ करून, आभाळात विमान शोधत असल्यासारखे उभे राहायचात. एकदा मी तुमच्या मागे होते. पाठीमागे बांधलेले तुमचे हात मला दिसले. एका हाताने दुसऱ्याची बोटं इतकी घट्ट धरली होतीत, की ती पांढरी पडली होती. आणि मग ती उठली. तिची ती. अंग झाडलं, तुमच्या बुटाला नाक लावलं, आणि जेवायला गेली. तुम्ही माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाहीत. त्या दिवशी तुम्ही जिंकलात असं मला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पळाली, तेव्हा तो निकालही राहून गेला.

या उन्हाळ्यापर्यंत ठोकळे तिच्यापासून हाताच्या अंतरावर वाजत होते. टिकल्यांचं पिस्तूल कोठाराआडून चालत होतं. वॉल्टरने विचारलं, या नोव्हेंबरला येणार का? तुम्ही म्हणालात, “यंदा नाही. पुढच्या वर्षी.” पुढच्या वर्षी, असं तुम्ही अगदी सहज म्हणालात. त्यानंतर थोड्याच दिवसांनी तुमचा तो रिपोर्ट आला. तुम्ही तो चष्मा वर करून वाचलात, “बरं,” म्हणालात आणि घडी घालून ठेवलात.

तुमचा पलंग शेताकडच्या खिडकीशी आणला. बुंदी त्याच्याखाली. मी रोज येऊन तुम्हाला वाचून दाखवायचे, कुत्र्यांचीच पुस्तकं, कारण दुसरं काही तुम्हाला नको होतं. काकूंचे डोळे भरून आले की तुम्ही चहा मागायचात. केतकी फोनवर रडू लागली की तिला अटलांटाच्या ट्रॅफिकबद्दल विचारायचात. कळ आली की तुम्ही खिडकीबाहेर बघायचात, ओठ मिटून, आणि मी पान संपेपर्यंत वाचत राहायचे. तुमचा हात चादरीवर असायचा, माझ्यापासून वीतभर अंतरावर. मला माहीत होतं तुम्हाला काय हवंय: आपण चालत राहायचं. म्हणून मी चालत राहिले, म्हणजे वाचत राहिले. माझे दोन्ही हात पुस्तकावर होते. तुम्हाला खरंच तेच हवं होतं का, की ते फक्त बुंदीसाठी होतं? हे तेव्हा विचारायला हवं होतं असंही मी म्हणू शकत नाही. काय शब्दांत विचारलं असतं?

बुंदीबद्दल तुम्ही शेवटी एकच बोललात. “घाई करू नका. ती अजून तयार नाही.”

आता वॉल्टरची अट. तुमच्यानंतर तो काकूंना भेटायला आला, टोपी हातात घेऊन बसला. म्हणाला, “मी एक गोळी झाडून बघेन. ती थांबली तर माझी. पळाली तर मला जमणार नाही. माझ्या गुडघ्यांनी मी तिला मक्यात शोधू शकत नाही.” मी त्याला तुमचं म्हणणं सांगितलं. तो म्हणाला, “मला माहीत आहे. मलाही तेच म्हणाला होता. पण तुमच्याकडे हा महिना आहे, आणि माझ्याकडे किती नोव्हेंबर आहेत मला ठाऊक नाही.” त्यात काय चूक होतं? काकू माझ्याकडे बघत होत्या. मी हो म्हटलं. दुसरं काही म्हणायला जागाच नव्हती.

शनिवारी आम्ही गेलो. कापलेल्या मक्याच्या खुंटांवर दहिवर गोठलं होतं. बुंदी पुढे, वारा नाकावर घेत, तुम्ही शिकवलंत तशी डावीउजवीकडे वळत. ओढ्याकाठच्या उंच गवताशी ती एकदम थांबली. काका, काय थांबली! शेपटीच्या टोकापासून नाकापर्यंत एक रेघ. वॉल्टर पुटपुटला, “हे त्याने बघायला हवं होतं.” मग तो तिच्या पुढे गेला आणि गवताला लाथ मारली. फेझंट केवढ्यांदा फडफडत उठला. गोळी सुटली.

मी पक्ष्याकडे पाहिलंच नाही. बुंदी पळाली नाही. ती जमिनीला चिकटली, मग पोटावर सरपटत, मान खाली घालून, माझ्याकडे आली आणि माझ्या दोन बुटांमध्ये डोकं घालून पडली. अंग नुसतं कापत होतं. वॉल्टरने हाताने मला खूण केली, तशीच राहा. आणि त्याने पाठ फिरवली. अगदी तुमच्यासारखी. हा नियम तुम्ही त्याच्याकडून शिकलात की तो तुमच्याकडून, कोण जाणे. तो आभाळाकडे बघत उभा राहिला आणि मला कळलं, आता थांबायचं आहे. तुम्ही थांबला असतात. सकाळ सरेपर्यंत थांबला असतात.

मी वाकले. दोन्ही हातांनी तिला धरलं, तिच्या कानांशी तोंड नेलं आणि काहीबाही बोलत राहिले, नाही गं, काही नाही, काही नाही. माझे हात थांबेनात. पलंगाशेजारी इतके दिवस ते थांबले होते.

त्यानंतर वॉल्टरने बंदुकीला नुसता हात लावला तरी ती माझ्या गुडघ्यांशी यायची. पुढे शिकार झालीच नाही; गोळीनंतर जागेवर न थांबणारी कुत्री त्याच्या कामाची नव्हती. गाडीशी आल्यावर त्याने गोळ्या काढून ठेवल्या, मेलेला पक्षी मागे टाकला, आणि माझ्यासाठी दार उघडून धरलं.

“ती उठणार होती, मला वाटतं,” तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, “कदाचित नाहीही.”

त्याने मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, निदान काही एक खरं ठरलं असतं. आता आपलं भांडण कधीच मिटणार नाही, काका. मी वाकले नसते तर ती तिची ती उठली असती का, हे ना तुम्हाला कळेल ना मला.

घरी काकू दारातच होत्या. “थांबली का?” मी नाही म्हणून मान हलवली. त्या बुंदीला आत घेऊन गेल्या. स्वयंपाकघर निम्मं खोक्यांत भरलेलं होतं. थोड्या वेळाने कणीक भिजवल्याचा आवाज आला.

काल मी त्या पाळणाऱ्या माणसाला फोन केला. तो उद्या येऊन तिला नेणार आहे. शिकारीसाठी तिला कोणी घेणार नाही, पण त्याच्या ओळखीचं एक कुटुंब आहे, दोन मुली आहेत, त्यांना नुसतं कुत्रं हवंय. तो एकेक विचारत गेला. काय खाते, झोपते कुठे, कशाला घाबरते. मी सांगत गेले. पोळीचंही सांगितलं. शेवटी त्याने विचारलं, घाबरली की काय करते? पळून जाते का?

पूर्वी जायची, म्हटलं. आता माणसाजवळ येते.

“मग छान,” तो म्हणाला. “मग ती घरातच चांगली राहील.”

तुम्ही निवडलेल्या कुत्रीबद्दल हे वाक्य तुम्ही ऐकून घेतलं नसतंत. मी ऐकून घेतलं, त्याचे आभार मानले आणि त्याला घराचा पत्ता दिला.

वृंदा